बक्षीचे दप्तर आणि शर्यतीचा अंदाज

लखनौहून सीतापूर रस्त्याने उत्तरेकडे निघाले की शहर विरळ होता होता बख्शी का तालाब हे गाव लागते. वायुदलाचा तळ, कृषी महाविद्यालय आणि उत्तर प्रदेश शासनाची ग्रामविकास प्रशिक्षण संस्था यांमुळे आज ते ओळखले जाते. प्रशिक्षणवर्गासाठी तेथे येणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी फार थोडे जण तलाव पाहतात, आणि गावाच्या नावातला बक्षी कोण असे विचारणारे त्याहूनही थोडे. नवाबी काळातील एका बक्षीने तो तलाव बांधवला, एवढ्या उत्तरावर बहुतेकांचे समाधान होते. मला या पदाविषयी जुने कुतूहल आहे, कारण आपल्या मराठी मुलखात ते आडनाव होऊन बसले आहे. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा मूळचे केरकर; पण इतिहास त्यांना जिवबादादा बक्षी म्हणूनच ओळखतो.

बक्षी म्हणजे सैन्याचा पगार वाटणारा, असा अर्थ सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मोगल व्यवस्थेत बक्षीचे महत्त्वाचे काम पगार वाटण्यापूर्वीचे होते. कोणा मन्सबदाराकडे किती घोडी आहेत, ती कोणत्या प्रतीची आहेत, आणि मागल्या हजेरीला दाखविलेले घोडे तेच आज समोर उभे आहे काय, हे त्याच्या कचेरीला ठरवावे लागे. यासाठी दोन साधने होती. एक दाग, म्हणजे घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. आणि दुसरे चेहरा, म्हणजे स्वाराचे व घोड्याचे लेखी वर्णन. ही पद्धत अल्लाउद्दीन खिलजीने चालविली, शेरशहाने तिचे पुनरुज्जीवन केले, आणि अकबराच्या काळी मीरबक्षी शाहबाजखान कंबो याने मन्सबदारांचा रोष पत्करून ती अमलात आणली. रोष साहजिक होता. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याची घोडी उसनी आणायची, किंवा चांगल्या घोड्याचा पगार घेऊन तट्टू पोसायचे, ही त्या काळची सर्वमान्य वरकमाई होती. हजेरीपट सांभाळलेल्या आजच्या अधिकाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

ऐने-अकबरीत सैन्यातील घोड्यांच्या सात प्रती नोंदल्या आहेत: अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला. अरबीच्या पोषणासाठी दरमहा ७२० दाम, तर जंगल्यासाठी २४० दाम. म्हणजे शेवटल्या घोड्याच्या तिप्पट पहिल्याची योग्यता सरकारने कागदावर मान्य केली होती. घोड्याला अंकांत बसविण्याचा हा मोठा सरकारी प्रयत्न होता, आणि आज महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यतीच्या आदल्या रात्री जे लोक पेन्सिल घेऊन उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करीत बसतात, तेही त्याच जातीचे काम करीत असतात. शर्यतीचा अंदाज हा विषय आपल्याकडे एक तर चेष्टेने किंवा नाक मुरडून बोलला जातो. राज्यकारभाराचा इतिहास म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे.

दप्तर नव्हते तेव्हाही अंदाज होताच. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली अश्वपरीक्षा मुख्यतः अंगावरच्या खुणांची होती: रंग, कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भोवरे. गळ्यावरचा ‘देवमण’ हा भोवरा असलेला घोडा धन्याला भाग्याचा, आणि भलत्या जागी भोवरा असलेला घोडा कितीही चपळ असला तरी अशुभ. घोड्यांच्या बाजारात या खुणांवरून किमती ठरत. मराठी फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे आणि शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराची सारी पुंजी एका जनावरात अडकलेली असे, त्यामुळे भोवऱ्याकडे तो डोळेझाक करू शकत नसे. या परीक्षेतून घोड्याचे नशीब कळल्याचे समाधान मिळे. वेग कळत नसे. ‘घोडामैदान जवळच आहे’ ही आपली म्हण तेवढीच शंका बोलून दाखविते.

लखनौच्या नवाबी दरबाराला अशा पैजांचे वेड होते. नसीरुद्दीन हैदर (राज्यकाल १८२७ ते १८३७) याच्या दरबाराच्या हकिकती विल्यम नाइटन याने १८५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यात माणसे फाडणाऱ्या एका घोड्याची गोष्ट आहे. त्या घोड्यावर बादशहाचा नावाजलेला वाघ सोडण्यात आला. वाघाचा विजय सर्वांनी गृहीत धरला होता. पण घोड्याने मागल्या लाथांनी वाघाचा जबडा फोडला. पुढे त्याच्यापुढे रेडे आणले, त्यांनाही त्याने लाथाडले. हे पुस्तक निघाले त्याच्या पुढल्याच वर्षी, १८५६ मध्ये, कंपनीने अवध खालसा केले, आणि दरबार किती बिघडला होता हे सांगणाऱ्या साहित्याला तेव्हा गिऱ्हाईक होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तरीही मला ती कथा उपयोगी वाटते. वाघाची ख्याती सर्वांना ठाऊक होती, पण घोड्याशी झुंज दिल्याची त्याची कोणतीही मागील नोंद कोणापाशी नव्हती. नाव ऐकून पैसे लावणाऱ्याची आजही हीच गत होते.

इंग्रजी शर्यतीने या देशात आणलेली नवी वस्तू म्हणजे नोंद ठेवण्याची शिस्त. मुंबईत भायखळ्याला शर्यती होत, पुढे १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान तयार झाले, आणि १९३५ मध्ये तेथील संस्थेच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. पुण्याला लष्कराच्या जमिनीवर, लखनौला छावणीत, तसेच जेथे जेथे घोडदळ होते तेथे मैदान झाले. घोड्यांची पैदास सुधारते, हे त्याचे सरकारी समर्थन. अमुक घोडा अमुक दिवशी, अमुक अंतर, अमुक वजन घेऊन, अमक्याच्या मागे किती अंतराने पोचला, याची ओळ छापून निघू लागली. भोवऱ्याच्या जागी ही ओळ आली.

येथे शर्यतीच्या कारभारातला सर्वांत विलक्षण अधिकारी येतो. त्याला हँडिकॅपर म्हणतात. मराठीत त्याला भारनिर्णायक म्हणता येईल. प्रत्येक घोड्याच्या मागल्या कामगिरीवरून तो त्याला गुण देतो, आणि गुणांप्रमाणे पाठीवर वजन ठरते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब असतो. चौथ्या वर्गाच्या शर्यतीत २० ते ४६ गुणांचे घोडे धावतात. म्हणजे वरच्या व खालच्या घोड्यात २६ गुणांचे, अर्थात १३ किलोंचे अंतर पडू शकते. जिंकलेल्या घोड्याचे गुण वाढतात, हरत राहिलेल्याचे घटतात. या अधिकाऱ्याचे ध्येय एकच: सर्व घोडे एकाच क्षणी रेषेवर पोचावेत. ते पूर्ण साधले तर अंदाज करणाऱ्याला काही कामच उरणार नाही. म्हणून अंदाज करणारा खऱ्या अर्थाने घोड्याचा अभ्यास करीत नाही. तो या अधिकाऱ्याच्या निर्णयातली चूक शोधत असतो. सरकारी टिपणातील कच्चा दुवा हुडकणाऱ्या वकिलासारखे त्याचे काम आहे.

ती चूक कोठे सापडते? एखादा घोडा तिसऱ्या वर्गात चार वेळा मागे पडून चौथ्या वर्गात उतरला असेल, तर त्याचे गुण त्याच्या अंगच्या ताकदीपेक्षा खाली गेलेले असू शकतात. एखादा बाराशे मीटरमध्ये शेवटी शेवटी भराभर पुढे येत असेल, तर सोळाशे मीटरमध्ये तो वेगळा घोडा आहे. उलट सुरुवातीला आघाडी घेऊन दम सोडणारा, अंतर कमी झाले की भारी पडतो. शिकाऊ जॉकी असेल तर वजनात सूट मिळते, पण सूट देणाऱ्याने त्याच्या अननुभवाची किंमत आधीच मोजलेली असते. पहाटेच्या सरावाच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात. सहाशे मीटर किती सेकंदांत, सहज की रेटून, हे शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे. पुण्याचा हंगाम पावसाळी असतो. तेथे हिरवळ किती मऊ आहे हे यंत्राने मोजून जाहीर करतात, आणि मऊ जमिनीवर पूर्वी धावलेल्या घोड्याची जुनी ओळ एकदम बोलकी होते. मुंबईच्या हंगामातील डर्बी मात्र हँडिकॅप नसते. चार वर्षांची घोडी, २४०० मीटर, नर ५७ किलो आणि मादी ५५.५ किलो. तेथे अंदाज सोपा व्हायला हवा. पण त्या अंतरावर त्यांतील बहुतेक नर पूर्वी धावलेलेच नसतात, आणि दम टिकेल की नाही याचे उत्तर बापाच्या व आईच्या नोंदीत शोधावे लागते.

एवढे सारे करूनही, जगभरचा अनुभव असा की सर्वांत पसंतीचा घोडा साधारण तीनांतली एक शर्यत जिंकतो. १९ वेळा धावून १८ वेळा जिंकणारा स्क्वाँडररसारखा घोडा पिढीतून एखादा. शिवाय टोटवर, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून वजावटीनंतर विजेत्यांत वाटण्याच्या पद्धतीत, लढत घोड्याशी नसते, शेजारी उभ्या असलेल्या लोकांच्या मताशी असते. समजा एक लाख रुपये जमले आणि कर व खर्च मिळून चौथा भाग वजा झाला. उरलेल्या ७५ हजारांत सर्वांनी वाटून घ्यायचे. सर्वांचा अंदाज सारखाच चांगला असेल तर सर्वांनाच रुपयामागे चार आणे तोटा. मी स्वतः कधी पैसे लावले नाहीत. त्यामागे सात्त्विकता कमी आणि हा हिशेब जास्त.

वंशावळीवर लावलेला सर्वांत मोठा मराठी डाव बडोद्याचा. प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने १९४३ ची पहिली भारतीय डर्बी जिंकली. पुढे १९४५ साली त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिन्यांना घेतले. त्या काळचा तो उच्चांक. त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या दांतेचा तो सख्खा भाऊ, एवढीच त्याच्याविषयी माहिती. गिनी २१ शिलिंगांची आणि रुपया दीड शिलिंगाचा धरला तर किंमत तीन लाख ९२ हजार रुपये होते. त्याला आजोबांचे नाव दिले: सयाजीराव. १९४७ साली हा सयाजीराव इंग्लंडच्या डर्बीत तिसरा आला, आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात सेंट लेजरही जिंकला. घोड्याचा अंदाज बरोबर ठरला. त्याच महिन्यात स्वतंत्र भारताचे सरकार संस्थानांच्या तिजोऱ्यांकडे पाहू लागले होते. बडोद्याच्या खजिन्यातून महाराजांनी उचललेल्या रकमा हा विलीनीकरणातील एक कडवट विषय झाला, आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून फत्तेसिंहरावांना गादीवर मान्य केले. ज्या सयाजीराव महाराजांनी शिक्षणाच्या खर्चाचा पै-पैचा हिशेब पाहिला, त्यांचे नाव त्या घोड्याला होते, ही गोष्ट मला नेहमी बोचते.

आता कायदा. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मुळात ज्या प्रांतांसाठी झाला त्यांत अवध होते आणि मध्य प्रांतही होता. म्हणजे लखनौ आणि नागपूर या कायद्याखाली एकदमच आले. त्यात एक छोटेसे कलम आहे: केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. मुंबई इलाख्याने १८८७ साली आपला वेगळा कायदा केला, १९१२ मध्ये शर्यतीच्या मैदानांना परवाना लागू केला, आणि १९२५ मध्ये पैजेवर कर बसविला. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी बंदी, मग परवानाधारकाला सूट, मग सुटीवर कर. महाराष्ट्रात पुढे मटक्याचे काय झाले ते आपण जाणतो. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झालेला तो खेळ १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यावर आला. मडक्याला मागील कामगिरी नसते, म्हणून त्याला कायद्यात आडोसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

शर्यतीला तो आडोसा खरोखर आहे काय, याचा निकाल मद्रासने लावून घेतला. करुणानिधी सरकारने १९७४ साली शर्यतीवरील पैजा बंद करणारा कायदा केला. प्रकरण न्यायालयात गेले. १९८६ मध्ये त्याच राज्याने दुसरा कायदा करून मद्रास रेस क्लबच ताब्यात घेण्याचे ठरविले. जे दुष्ट म्हणून बंद करायचे तेच बारा वर्षांनी सार्वजनिक हिताचे म्हणून चालवायला घ्यायचे, यातील विसंगती टिपणी लिहिणाऱ्या सचिवांच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. अखेर १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन प्रकरणात निर्णय दिला. न्या. कुलदीपसिंग यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की घोड्यांच्या शर्यतीत यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते. पैदास, शिक्षण, जॉकीची हातोटी, वजन या सर्वांचा विचार करून माहीतगार माणूस अंदाज करू शकतो. म्हणून ती जुगारात मोडत नाही. क्लब ताब्यात घेणारा कायदाही समानतेच्या कसोटीवर टिकला नाही.

निकाल मला मान्य आहे, पण पूर्ण समाधान देत नाही. कौशल्य आहे हे खरे. ते मैदानावर येणाऱ्या किती जणांपाशी आहे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. आठवड्याचा पगार खिशात घेऊन तिसऱ्या शर्यतीला पोचणाऱ्या माणसाने आदल्या रात्री पेन्सिल हातात धरलेली नसते. त्याच्यापुरती ती शर्यत म्हणजे मडकेच. राज्याने त्याची चिंता करण्याऐवजी त्याच्या रुपयातला आपला हिस्सा वाढविला. ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण पैजेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात तर कौशल्य की नशीब हा दीडशे वर्षांचा भेदच बाजूला ठेवला आहे. १८६७ च्या त्या छोट्या कलमाचे वजन त्यामुळे पुष्कळ कमी झाले. माझ्या मते जे राखायला हवे ते मात्र या वादात हरवते. अंदाजाला कौशल्य म्हणायचे असेल तर नोंद खरी असली पाहिजे, आणि ती खरी ठेवण्यासाठी जॉकीला शर्यतीपूर्वी व नंतर तोलणारा काटा, औषधांची तपासणी, कारभाऱ्यांची चौकशी आणि घोड्याची ओळख हीच साधने आहेत. ती ढिली पडली की अभ्यास करणारा आणि न करणारा एका पातळीवर येतात.

ओळखीचा प्रश्न किती मूलभूत आहे हे १८४४ च्या इंग्लंडच्या डर्बीत दिसले. डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. रनिंग रेन नावाच्या घोड्याने ती जिंकली. पण तो खरा मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे शाळकरी मुलांत पैलवान उतरविणे. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याने चिकाटीने पुरावे जमविले, प्रकरण न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी घोडा हजर करण्यास सांगितले, आणि घोडा हजर करता आला नाही. विजय ऑर्लँडोला मिळाला. शाहबाजखानाला हे प्रकरण ऐकवले असते तर त्याने दाग कोठे होता एवढेच विचारले असते.

आपल्याकडे शर्यतीच्या घोड्यांचे दप्तर पुण्यात आहे. भारतीय स्टडबुकचे काम तेथून चालते. जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची आई-बापांसह नोंद होते, पालकत्व डीएनए तपासणीने पडताळतात, आणि मानेत मायक्रोचिप बसते. घोड्याच्या पासपोर्टात त्याच्या शरीराची बाह्यरेषा छापलेली असते, आणि पशुवैद्य तीवर जनावराच्या खुणा हाताने भरतो: कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरे, आणि प्रत्येक भोवरा, अंगावर ज्या जागी असेल त्याच जागी. गळ्यावरचा देवमणही त्यात येतो. तेथे त्याची खूण फुलीची असते, आणि शेजारी शुभ की अशुभ असा रकाना नसतो.